लोहा थांब्यावरचा काळा टोमॅटो

लातूरला खोली शोधत फिरले तेव्हा घरमालक काय काय विचारतात याची मला सवय झाली होती. नवरा काय करतो, तो नांदेडला आणि तुम्ही इथं असं का, पाहुणे किती येतात, मटण शिजवता का. या गृहस्थांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. गच्चीवरची खोली दाखवली, दाराची कडी जरा उचलून लावावी लागते हे सांगितलं, आणि मग फार गंभीर चेहरा करून म्हणाले, "बाई, तांदूळ धुतलेलं पाणी तुम्ही कुठं टाकता?"

"मोरीत," मी म्हणाले. दुसरीकडे कुठे टाकतात हे मला ठाऊक नव्हतं.

"इथं न्हाई टाकायचं. ते पाणी ह्यांचं हाय."

ह्यांचं म्हणजे गच्चीच्या कठड्यालगत ओळीनं मांडलेल्या तेलाच्या डब्यांचं. प्रत्येक डब्यात एक टोमॅटोचं झाड होतं आणि प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगानं एकेका गावाचं नाव घातलेलं. लातूर, अष्टामोड, चाकूर, शिरूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड, नांदेड. मी लोह्याकडची. आपल्या गावाचं नाव तेलाच्या डब्यावर बघून मला हसू आलं. ते त्यांनी पाहिलं. माझं माहेर लोह्याजवळ आहे हे कळल्यावर त्यांनी तो डबा उचलला, कण्हत कण्हत माझ्या दारासमोर आणून ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्या जिम्म्याला."

खोली मला मिळाली ती अशी.

काका, म्हणजे हे घरमालक, एस.टी.त कंडक्टर होते. जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी लातूर-नांदेड याच रस्त्यावर काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती बातमी त्यांच्या शरीराला अजून कुणी कळवली नव्हती. चालत्या गाडीत उभं राहतात तसे ते पाय फाकवून उभे राहत, घरातसुद्धा. पाहुणा सोफ्याच्या कडेला टेकला की लगेच, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय." एकदा गल्लीतल्या मयताच्या घरीही ते असं बोलून गेले, आणि गंमत म्हणजे लोक सरकले. तिकीट कापायचा जुना पंच कायम खिशात असे. कुणाशी बोलणं संपलं की ते पंचानं कठड्यावर दोनदा टणटण ठोकत. गाडी सुटली. त्यानंतर तुम्ही काहीही बोला, त्यांना ऐकू येत नसे.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला ते डब्यांच्या ओळीतून चालत निघत आणि झाडांच्या आधाराला लावलेल्या कामट्यांवर त्या पंचानं टिकटिक करत जात. मला वाटायचं, हे झाडांना तिकीट विचारतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज होता. एके रविवारी मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की हे काय चाललंय. त्यांनी मला वाकायला लावलं. फुलाजवळ टिकटिक केली आणि त्यातून उडालेली पिवळी भुकटी दाखवली. "गच्चीवर भुंगं कुठं येतात? मंग भुंग्याचं काम मीच करून राहिलो." परागीभवनाचा धडा मी आठ वर्षं शिकवत होते. पण ती भुकटी अशी उडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

त्यांची आंघोळ हा आमच्या गल्लीत चेष्टेचा विषय होता. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, त्यात उन्हाळ्यात टँकर. अशा गावात डबाभर पाणी झाडाला घालणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून काका गच्चीवरच पाटावर बसून आंघोळ करत आणि ते पाणी पन्हाळीतून थेट डब्यांत जाई. साबण टोमॅटोला मानवत नाही, म्हणून साबण बंद. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, जिन्याखालून ओरडत, "आख्खा संसार बिनसाबणाच्या माणसासंगं केला मी!" वरून उत्तर येई, "पुढं सरका!"

बियांची पेटी मला दाखवायला त्यांनी सहा महिने घेतले. ती कंडक्टरची तिकिटं ठेवायची पत्र्याची पेटी होती. मशीनवर तिकिटं निघायला लागली तेव्हा त्यांनी ती भंगारातून आणलेली. तिच्या खणांमध्ये आता बिया होत्या. जुन्या कॅलेंडरचा कागद तिकिटाएवढा कापून त्याच्या पुड्या केलेल्या. ज्या वाणाचं बी आपण जितकी वर्षं धरलं तितकी भोकं त्या पुडीच्या कडेला पंचानं पाडलेली. देशी लाल टोमॅटोच्या पुडीला अकरा भोकं होती. पिवळ्याच्या पुडीला चार. एक खण मात्र रिकामा होता. अगदी पुसून ठेवलेला.

"हा काळ्याचा," ते म्हणाले.

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. लोक जुना गुन्हा कबूल करतात त्या आवाजात सांगितली. उमेदीच्या काळात एका दुपारी गाडी लोह्याच्या स्टँडात उभी होती. तुडुंब भरलेली. नायगावाकडची एक म्हातारी टोपली घेऊन चढली. तिला उभं राहवत नव्हतं म्हणून काकांनी आपली सीट दिली. तिनं टोपलीतून एक टोमॅटो काढून त्यांच्या हातात ठेवला. खांद्याला हिरवट आणि खाली जांभळाच्या रंगाचा, जवळजवळ काळा. काकांनी खाली उतरून पेरूवाल्याकडून चिमूटभर मीठ घेतलं आणि उभ्या उभ्या तो टोमॅटो खाल्ला. "असं टमाटं मी जिंदगीत खाल्लं न्हाई बाई. पर मी काय केलं? बियासकट खाल्लं. बियासकट! तिला तिचं गाव बी विचारलं न्हाई."

मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे बघून मी ते दाबलं.

त्यानंतरची सगळी नोकरी त्यांनी नायगावाकडच्या बायकांना टोपलीत काय आहे हे विचारण्यात घालवली. यावरून दोनदा तक्रारी झाल्या. निवृत्तीनंतर मोबाईल आला आणि फसवणुकीचं दार उघडलं. काळ्या टोमॅटोचं बी म्हणून त्यांनी जी पाकिटं मागवली त्यांतून लालच टोमॅटो निघाले, लहान निघाले, मोठे निघाले, एकदा तर चांगली टपोरी वांगी निघाली. पाकिटावरच्या चित्रासारखी काळीशार होती, एवढं मात्र खरं. काकूंनी ती मुकाट्यानं भरून रस्सा केला आणि ताटात वाढताना म्हणाल्या, "घ्या, काळं टमाटं." काका दोन दिवस बोलले नाहीत. पण रस्सा दोनदा घेतला होता.

मी एकदा त्यांना म्हणाले, "काका, टोमॅटोच तो. लाल काय, काळा काय, शेवटी आमटीतच जाणार." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या शाळेतला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी आठवला. "बाई, तुमच्या वर्गात समदी पोरं एकाच रंगाची असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?" टणटण. गाडी सुटली.

आणि मग एका श्रावणात खरंच पत्ता लागला. नायगावच्या गाडीवरच्या एका तरुण कंडक्टरनं निरोप पाठवला की पुढच्या एका खेड्यात एक म्हातारी काळे टोमॅटो लावायची, असं एक बाई गाडीत बोलत होती. रविवार होता आणि मी नांदेडला निघालेच होते. काका म्हणाले, "बाई, तुम्ही संगं चला. मी एकटा गेलो तर पुन्हा तक्रार हुईल." गेलो. म्हातारी वारली होती. सून घरी होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, आणि काकांनी तोंड उघडायच्या आत मी बाई असल्याचा फायदा घेऊन सगळं सांगून टाकलं.

"लावायच्या की सासूबाई," ती म्हणाली. "त्या गेल्या त्याला पाच-सहा वर्सं झाली. मंग कुणी लावलं न्हाई. थांबा जरा."

आढ्याला एक चिंधीचं गाठोडं लटकत होतं. धुरानं काळं पडलेलं. तिनं ते काढून सोडलं तर आत राख. राखेत घोळलेल्या चपट्या बिया, चिमूट-दोन चिमूट. काकांनी दोन्ही हात पुढे केले. तीर्थ घेताना करतात तशी ओंजळ. 

ही तीच म्हातारी का, हे मी विचारणार होते. काकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. काय द्यायचं, असं त्यांनी विचारलं तर सून म्हणाली, "बियाचं काय घ्यायचं वो? उगवलं तर थोडं बी मला आणून द्या. सासूबाईंचं म्हणून दारात लावीन."

"जिम्मा माझा," काका म्हणाले.

सगळं बी त्यांनी एका परातीत एकदमच पेरलं. थोडं मागे ठेवा, असं मी म्हणाले, तर म्हणाले, "म्हातारं झालेलं बी अजून म्हातारं करून काय करू?" रोज सकाळी आम्ही दोघं त्या परातीतल्या मातीकडे बघत बसायचो. दहा दिवस काही नाही. पंधरा दिवस काही नाही. अठराव्या दिवशी एक रोप वर आलं. फक्त एक. काकांनी ते कुठे लावलं असेल? माझ्या दारासमोर, लोह्याच्या डब्यात. "जिथं खाल्लं तिथंच परत द्यायचं," म्हणाले. इतर झाडांची भुकटी वाऱ्यानं येऊ नये म्हणून काकूंच्या जुन्या मलमलच्या पातळाचा आडोसा केला. जानेवारीत त्याला चार फळं धरली. आधी हिरवी, मग खालून जांभळी, मग जवळजवळ काळी. त्यातली दोन चांगली फळं त्यांनी बियांसाठी राखली आणि आपल्याकडे बियाच्या भोपळ्याला बांधतात तशी त्यांच्या देठाला लाल चिंधी बांधली. बियाचं फळ चांगलं लिबलिबीत होईपर्यंत तोडायचं नसतं. ते रोज हात मागे बांधून त्या फळांकडे बघत. हात मागे बांधत ते मोह आवरायला, असं काकूंचं म्हणणं.

माघात काकूंच्या भाचीचं लग्न निघालं, नांदेडला. तीन दिवसांचा मुक्काम. माझी दोन वर्षांची लेक दिवसा काकूंजवळ राहत असे, म्हणून मी आईला गावाहून बोलावून घेतलं. आई आली त्याच दिवशी लेकीला ताप भरला. मी डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू केलं, आणि परीक्षा असल्यामुळे रेणापूरला माझ्या शाळेत निघून गेले. आई दारात बसून रडक्या पोरीला मांडीवर घेऊन म्हणाली होती, "दृष्ट काढू का गं?" मी नको तितक्या तोऱ्यात म्हणाले होते, "आई, मी विज्ञान शिकवते. माझ्या घरात हे धंदे करायचे नाहीत."

काका-काकू लग्नाहून परत आले तेव्हा लोह्याच्या डब्यात झाड नव्हतं. फळं नव्हती. नुसती उकरलेली माती होती.

मी सांगितलं, वानरं आली असतील. ती आमच्या भागात येतात. मी आल्या-गेल्याला वानरांबद्दल इतक्या खात्रीनं सांगत राहिले की मला ती डोळ्यांपुढे दिसायला लागली. आई खाली मान घालून भाकरी थापत होती. लेकीचा ताप उतरला होता. दुसऱ्या दिवशी आई गावी गेली.

काकांनी कुणालाही बोल लावला नाही. "गच्चीचं दार मीच नीट लावलं नसंल," एवढंच म्हणाले. आठवडाभर ते त्या रिकाम्या डब्याला पाणी घालत होते. एखादं मूळ राहिलं असेल म्हणून. मग तेही थांबलं. सकाळची टिकटिक बंद झाली. इतर झाडांना काकू पाणी घालू लागल्या. एक दिवस मी शाळेतून आले तर काकू जिन्यात बसलेल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "आज साबण लावून न्हाले ते," आणि पदर डोळ्यांना लावला. बाहेरच्या माणसाला हसू येईल. मला आलं नाही.

एकदा मी त्यांना म्हणाले की पुन्हा शोधू. ते म्हणाले, "नायगावच्या त्या लेकीला सबूद दिला होता मी. तिच्या घरचं शेवटचं बी हुतं, अन् मी लग्नातलं जेवण जेवत बसलो." त्यांना बी गेल्याचं दुःख होतंच. पण आपण पुन्हा एकदा बी घालवलं, हे त्यांना जास्त लागलं होतं.

पाऊसकाळ गेला. नवरात्राच्या आधीची गोष्ट. तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवरून मी रोज बसला जाते, तिथं लोक उतारे टाकतात. लिंबं, मिरच्या, फुटका नारळ, हळदकुंकू लावलेला भात. आमच्या गल्लीतली शिकली-सवरलेली माणसंही तिथून जाताना जरा बाजूनं चालतात. मी मुद्दाम मधून चालते, विज्ञान शिकवते म्हणून, आणि खाली बघतही नाही. त्या दिवशी चालता चालता खाली बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिले.

विजेच्या खांबाच्या बुडाशी, मिरच्या नि लिंबांच्या कचऱ्यात, टोमॅटोचं एक मोठं झाड पसरलं होतं. त्याला कुणी आधार दिला नव्हता, कुणी पाणी घातलं नव्हतं. पानांखाली फळं होती. खांद्याला हिरवी आणि खाली काळी. एवढ्या रहदारीच्या जागी, शेंबडी पोरंसुद्धा कच्चे टोमॅटो तोडून एकमेकांना मारतात अशा ठिकाणी, त्या झाडाच्या एका फळाला कुणी हात लावला नव्हता. कोण लावणार? उताऱ्याच्या जागेवरचं काळं फळ!

माझी बस गेली. मी तिथूनच आईला फोन लावला. "आई, माघात तू आली होतीस तेव्हा त्या झाडाचं काय केलंस?"

आई म्हणाली, "सांगायचं नसतं गं ते. टाकून आलं की मागं वळून बघायचं न्हाई अन् कुणाला बोलायचं न्हाई."

मग सगळं सांगितलं. मी शाळेत गेले, पोर तापानं फणफणलेली, आणि दारात बसल्या बसल्या आईला समोर दिसलं ते असं: काळी फळं, त्यांना बांधलेल्या लाल चिंध्या, वरून आडोशाचं फडकं, आणि डब्यावर चांगल्या मोठ्या अक्षरांत आमच्या तालुक्याचं नाव. आई चौथी शिकलेली आहे. "लोह्याचं नाव घालून कुणी तरी आपल्यावरच केलंय असं वाटलं मला. तुला सांगितलं असतं तर तू वसकली असतीस. मंग लेकरावरून उतरवलं अन् मुळासकट तिकटीला टाकून आले." कठड्यालगत अष्टामोडचा डबा होता, चाकूरचा होता, सगळा रस्ता मांडला होता. पण दारासमोर एकटा लोह्याचा.

ती वसकली असतीस म्हणाली, ते खोटं नव्हतं. मी वसकलेच असते. मी नीट बोलणारी असते तर तिनं मला विचारलं असतं आणि मी एका वाक्यात सगळं सांगितलं असतं. रस्त्यात उभी राहून मला माझीच लाज वाटली.

"मी काकांना सांगते," मी म्हणाले.

"तू नगं. मीच येते. माझ्या हातानं झालंय, माझ्या तोंडानं सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आई आली. चहासुद्धा न घेता काकांसमोर जमिनीवर बसली. "भाऊ, तुमचं झाड वानरांनी नेलं न्हाई. मी उपटलं. करणी हाय असं समजले. लई मोठी चूक झाली."

काकू दाराला टेकून उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी पुढचं, म्हणजे तिकटी, झाड, फळं, सगळं एका दमात सांगायला निघाले होते, पण काकांनी मला हातानं थांबवलं. त्यांना आधी आईकडूनच ऐकायचं होतं.

"ताई, तुम्ही टाकलं तवा चिंधीची फळं कशी हुती?"

"पार पिकून गेली हुती. हातातच फुटली."

"दोन्ही?"

"दोन्ही बी."

काका हळूहळू उठले. "म्हंजे बी पुरं झालं हुतं," ते काकूंकडे बघून म्हणाले. "पुरं झालेलं बी टाकलं ताईंनी. कच्चं न्हाई टाकलं." त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला लिहिता येणार नाही. मग मी तिकटीचं सांगितलं. माझं वाक्य संपायच्या आत ते अनवाणी जिना उतरले होते.

तिकटीवरच्या टपरीवाल्यानं लांबून ओरडून सांगितलं, "काका, हात लावू नका! उतारा हाय तिथं!"

"ठावं हाय," काका म्हणाले. "आमच्याच घरचा हाय."

ते झाडापुढे उकिडवे बसले. फळं मोजली. पिकलेली तीन, पिकायला आलेली सहा, आणि हिरवी कितीतरी. खिशातून पंच काढला आणि वरच्या फुलांजवळ टिकटिक केली. आठ महिन्यांनी तो आवाज ऐकला. मागे वळून बघितलं तर आई आपल्या पिशवीतल्या फडक्याची लाल किनार दातांनी फाडत होती. तिनं ती चिंधी काकांच्या हातात दिली. "बांधा. पर हितं चिंधी बांधली तर अजून कुणी हात लावणार न्हाई."

"त्येच पाहिजे," काका म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले, आणि टपरीवरचे लोकही हसायला लागले.

आई आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत ती आणि काका रोज दोनदा तिकटीला जाऊन येत. चिंधीची फळं लिबलिबीत झाली तेव्हा काकांनी ती आणली, काचेच्या पेल्यात बी पिळून घेतलं, पाणी घालून तीन दिवस आंबवलं, धुतलं, आणि राखेत घोळून परातीत सुकवलं. त्याच दिवशी उरलेल्या फळांतलं एक त्यांनी चिरलं. बी आधी काढून घेतलं, एकूण एक. आतला गर गडद विटकरी होता, कडेला जांभळा. मीठ लावून पहिली फोड त्यांनी आईपुढे धरली.

आई दचकली. उताऱ्याचं फळ खायचं म्हणजे काय, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी यावेळी काही बोलले नाही. तिनं माझ्या लेकीकडे बघितलं, डोळे मिटले आणि फोड तोंडात टाकली.

"कसं हाय?" काकांनी विचारलं.

"टमाट्यावानी हाय," आई म्हणाली. मग जरा थांबून, "पर गोड हाय."

काकांनी आपली फोड खाल्ली. फार सावकाश खाल्ली. मला राहवेना. "तेच आहे का काका? तीच चव?"

"ध्यानात न्हाई, बाई," ते म्हणाले. "इतकी वर्सं झाली, चव कुठं ध्यानात राहते? म्हातारीनं टोपलीतून काढून दिलं, ते ध्यानात हाय."

बियांच्या त्यांनी तीन पुड्या केल्या. प्रत्येकीला एक भोक पाडलं. एक पुडी पत्र्याच्या पेटीतल्या त्या पुसून ठेवलेल्या खणात गेली. दुसरी घेऊन ते पुढच्या रविवारी नायगावाकडे जाणार होते, सबूद पाळायला. तिसरी त्यांनी आईच्या हातावर ठेवली.

"मला? मी तर उपटून टाकलं हुतं भाऊ."

"म्हणून तर. तुमच्या टाकण्यानं जगलं ते, माझ्या राखण्यानं न्हाई. समदं बी एकाच गाडीत बसवायचं न्हाई, ताई. लोह्याला ऱ्हाऊ द्या थोडं." आई काही बोलणार होती, पण काकांनी कठड्यावर पंच ठोकला. टणटण. गाडी सुटली.

आता माझी बदली नांदेडला झाली आहे. माझ्या गॅलरीतही दोन तेलाचे डबे आहेत, आणि त्यांना सकाळी दहाला चमच्यानं टिकटिक करावी लागते म्हणून रविवारी मी उशिरा उठू शकत नाही. काकांचा फोन येतो. ते आधी टोमॅटोची तब्येत विचारतात, मग माझी. तांदूळ धुतलेलं पाणी मी अजून मोरीत टाकलेलं नाही.

पण त्या आठवड्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते आईला स्टँडवर सोडायला गेले ते. ऑटो तिकटीवरून जायचा होता. बियांची पुडी तिनं कमरेच्या बटव्यात ठेवली होती आणि वरून हात धरून बसली होती. झाड जवळ आलं तशी तिनं ऑटोवाल्याला हळू घ्यायला सांगितलं. मग पूर्ण मागे वळली, आणि तो विजेचा खांब दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

मला तिची चेष्टा केल्याशिवाय राहवेना. "आई, मागं वळून बघायचं नसतं ना?"

"ते टाकून जाताना," आई म्हणाली. "आता घेऊन चालले की."